मालकंसाचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार

तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधार (सारेगमातला ‘ग’) ऐकू येतो. त्याची वेगळी तार नसते, तो कुणी छेडलेलाही नसतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो, आणि गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला गुरूंनी कधी ना कधी ‘गंधार ऐकू येतोय का?’ असं विचारलेलं असतं. हा गंधार शुद्ध असतो. यमन, भूप, बिहाग गाताना तो सोबतीला उभाच असतो. पण मालकंसात? तिथे गंधार कोमल, म्हणजे शुद्धाच्या जरा खालचा. शिवाय पंचम वर्ज्य, आणि पंचमही त्याच खर्जाच्या तारेत, गंधाराच्या आधीच बसलेला. म्हणजे ज्या तंबोऱ्याच्या आधाराने आपण मालकंस गातो, तो तंबोरा रागात नसलेले स्वर सतत म्हणत असतो, आणि तरीही मालकंस मालकंसच राहतो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षीचा माझा प्रकल्प यावर होता. मालकंस गाताना माझा कोमल गंधार आणि तंबोऱ्यातला शुद्ध गंधार एकमेकांचं काय करतात, एवढाच प्रश्न. त्याचा अर्धा भाग संशोधनाचा, अर्धा रचनेचा: एक प्रबंध, आणि त्यात जे हाती लागेल त्यावर बांधलेली एक बंदिश. दोन्हींना मार्गदर्शक एकच, आमच्या मॅडम. संगीतातलं संशोधन म्हटलं की ग्रंथालयात बसून घराण्यांचा इतिहास उतरवून काढणं एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. प्रकल्पाचा विषय शोधत असलेल्या मुलामुलींसाठी म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 88 श्रेयांक असतात. त्यातले 4 तिसऱ्या सत्रात आणि 6 चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे. कागदावर हे दहा श्रेयांक थोडके दिसतात. प्रत्यक्षात रोजचा रियाज, मंचप्रदर्शनाची तयारी, पोटापाण्याच्या शिकवण्या हे सगळं सांभाळून वर्षभर एका प्रश्नापाशी बसून राहायचं असतं. त्यामुळे प्रश्न कुठला निवडता यावर सगळं अवलंबून.

मी आराखडा घेऊन गेले तेव्हा त्यावर ‘तंबोरा जुळवण्याच्या परंपरा’ असं लिहिलेलं होतं. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, ‘यातलं तू स्वतः गाऊन काय तपासणार आहेस?’ मग म्हणाल्या, ‘एक राग घे. एक तंबोरा. एक स्वर. तेवढं पुरतं.’ मला मालकंस आवडतो आणि त्यातला गंधार मला नेहमी अडवतो, असं मी सांगितलं. ‘झालं तर मग. अडतं तिथेच बस.’ पुढच्या वर्षभरात मॅडमनी मला वाचायला दिलेल्या गोष्टींपेक्षा त्यांनी कापून टाकलेल्या गोष्टींचा मला जास्त उपयोग झाला. दर आठवड्याला मी काहीतरी नवीन जोडून नेई आणि त्या विचारत, ‘हे गंधाराबद्दल आहे का?’ नसेल तर ते पान बाजूला.

पहिले काही आठवडे संगणकाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. नुसता तंबोरा छेडायचा, गायचं नाही, आणि काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं. सुरुवातीला माझ्या वहीत ‘गंधार स्पष्ट’, ‘पंचम जोरात’ एवढंच असे. मॅडम विचारत, ‘स्पष्ट म्हणजे कधी? तार छेडल्याबरोबर की नंतर?’ मग मी त्याकडे कान लावला. खर्ज छेडल्यावर आधी एक भरीव ठोका येतो, मग वरचे झणझणीत स्वर उघडतात, आणि ते ओसरता ओसरता मधे कधीतरी गंधार पुढे येतो, क्षणभर थांबतो आणि पुढच्या तारेखाली जातो. तारेच्या मूळ स्वरासोबत निघणारे हे वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, एकदम येत नाहीत, एकामागून एक पुढे येतात. इतकी वर्षं तंबोरा मांडीवर घेऊन बसले आणि हे क्रमाने कधी ऐकलं नव्हतं, कारण आपण जुळला की लगेच गायला लागतो. वही नंतर फार कामाला आली. आलेख पाहिल्यावर ‘हे मी ऐकलंच होतं’ असं वाटायला लागतं. आधी लिहून ठेवलेलं असेल तर खरंच ऐकलं होतं का ते कळतं.

मग मॅडमनी मला भौतिकशास्त्र विभागातल्या एका सरांकडे पाठवलं. सरांना गाणं ऐकण्याची आवड, पण राग ओळखता येत नव्हते, आणि त्याचा फायदाच झाला. कारण मला प्रत्येक गोष्ट आकड्यांत सांगावी लागली. मी पांढरी पाचमध्ये (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) गाते. माझा षड्ज 196 हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्म्यावर, 98. कुठल्याही तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. 98 ची तिप्पट 294, तो पंचम. पाचपट 490, तो तार सप्तकातला शुद्ध गंधार. मालकंसासाठी पहिली तार मध्यमात लावतो, तिची तिप्पट म्हणजे तार षड्ज, ते छानच. पण तिची पाचपट 653 च्या आसपास, म्हणजे शुद्ध धैवत! मालकंसाचा धैवत कोमल. मी दोन परके स्वर धरून चालले होते, निघाले तीन.

सरांनी पुढचा प्रश्न विचारला: ‘तुमच्या आवाजात उपस्वर नसतात का?’ असतात की. माझा कोमल गंधार 235 हर्ट्झच्या जवळपास लागतो. त्याची दुप्पट 470. तंबोऱ्यातून त्याच वेळी 490 येतोय. दोन स्वर इतके जवळ आले की त्यांच्यात विस्पंद होतात. जोडीच्या तारा जुळवताना जी संथ लाट ऐकू येते आणि तारा जुळल्या की थांबते, ते हेच. इथे फरक वीसचा, म्हणजे सेकंदाला वीस लाटा. एवढ्या वेगात कानाला लाट मोजता येत नाही, ती खरखर म्हणून ऐकू येते. मालकंसातला माझा गंधार ‘अडतो’ असं मी जे म्हणत होते त्याला पहिल्यांदा एक आकडा मिळाला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी फक्त गंधार लावून बसले, आणि खरखर कुठे आहे ते मला ऐकू आलं. आता ती ऐकू न येणं अशक्य आहे.

तंबोऱ्याच्या या गुणाची शास्त्रीय नोंद जुनी आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली कलकत्त्याहून भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडू तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. याचं कारण घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा. व्हायोलिनची घोडी आपल्या जागी ठीक, पण तंबोऱ्याची घोडी रुंद, वरून किंचित उतरती, आणि तार तिच्या पाठीवर लोळत कंप पावते. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की ती कुठे टेकते आणि कुठे सुटते ते बदलतं. यालाच आपण जवारी म्हणतो. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घोडीच्या पाठीवर होतं, आणि घोडी समजून घ्यायची तर मिरजेला जायला हवं होतं.

मी मूळची सांगलीची, त्यामुळे मिरज मला परकी नाही. फरीदसाहेबांपासून तिथे तंतुवाद्यं घडवण्याची परंपरा सुरू झाली असं सांगतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचे हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि सतारमेकर हेच आडनाव झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, गल्लीत ओट्यांवर वाळत पडलेले असतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि मिरजेतच, ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. 1937 साली ते गेले. उरसात दर्ग्याच्या आवारात गाणाऱ्यांची जी हजेरी लागते ती त्यांच्यामुळेच. खाँसाहेब स्वतः तंबोऱ्याची दुरुस्ती जाणणारे, आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तारेवर श्रुती (स्वरांच्या सूक्ष्म जागा) मोजत होते तेव्हा त्यांना गाऊन दाखवणारेही तेच. देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक 1910 चं. मोजणारा एक, गाणारा एक आणि वाद्य जवळच्या गल्लीतलं, हे आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे, याचा मला मनापासून आधार वाटला.

ज्या कारागिरांकडे मी गेले त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणू लागले. माझी योजना अशी होती की चाचांनी एकाच तंबोऱ्याची जवारी तीन प्रकारे लावून द्यावी: बंद, मध्यम, खुली. मी प्रत्येकावर मालकंस गाऊन ध्वनिमुद्रण करणार. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बेटा, घोडी घासली की ती परत भरत नाही. तीनदा घासायची म्हणजे तिसऱ्या वेळेला पहिली घोडी राहिलीच कुठं? एकदाच नीट काढतो. बाकीचं दोऱ्यानं कर.’ सरांनी आणि मॅडमनी तपासलेल्या आराखड्यातली ही अडचण चाचांनी एका वाक्यात सोडवली. घोडी एक ठेवायची, फक्त दोऱ्याची जागा बदलायची, म्हणजे बाकी सगळं जसंच्या तसं.

जवारी काढताना पाहणं हा या वर्षातला माझा सर्वांत आवडता दिवस. चाचांनी तार सैल करून बाजूला सारली आणि घोडी उजेडाकडे तिरपी धरली. तार जिथे टेकत होती तिथे एक बारीक चकाकणारी रेघ उमटलेली होती. त्या रेघेवरून त्यांना कळतं की तार जास्त चिकटून बसते आहे की उडते आहे. मग बारीक कानशीचे दोन-चार हलके हात, वर पॉलिश पेपर, बोटाने पुसलं, तार पुन्हा चढवली, खुंटी पिळली, छेडली, कान दांडीला टेकवला. नाही. पुन्हा तार सैल. एका तारेसाठी हे कितीतरी वेळा चाललं. मी फोनवर आलेख दाखवायला गेले तर म्हणाले, ‘आधी तार बोलते का बघू, मग मशीन लाव.’ चारही तारा सारख्या उघडायला हव्यात, एक बोलकी आणि एक मुकी असं चालत नाही. गंभीर राग गाणारे काही जण मुद्दाम गोल, म्हणजे बंदकडे झुकणारी, जवारी मागतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते लगेच वहीत उतरवलं. मालकंस, दरबारी गाणारे हे कानाने आधीपासून करत आले होते तर! आणखी एक: मुलाखत आणि ध्वनिमुद्रणासाठी संमतिपत्र लागतं. ते मी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं. चाचांनी ते नातवाकडून वाचून घेतलं आणि मगच सही केली. जे कारागिरांवर किंवा लोककलावंतांवर काम करणार आहेत त्यांनी इंग्रजी छापील नमुना पुढे करू नये. समोरच्याला आपण काय विचारतोय हे कळलंच पाहिजे.

ध्वनिमुद्रण विभागातल्या छोट्या खोलीत केलं. पंखा बंद, खिडक्यांना जाड चादरी, तंबोरा छेडायला एक ज्युनिअर मुलगी. दोऱ्याच्या तीन जागा घोडीवर पेन्सिलने खुणा करून ठरवलेल्या. कुठल्या खुणेवर दोरा आहे हे ती मला सांगत नसे. अर्थात जवारी खुली आहे की बंद हे कानाला कळतंच, पण निदान मी आधीपासून ठरवून गात नव्हते. प्रत्येक वेळी तेच गायचं: मध्यमावरून गंधारावर येऊन थांबणं, षड्जावरून गंधारावर जाणं, आणि थोडा मोकळा आलाप.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या प्रत्येकीला ती नडेल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. लॅपटॉप चार्जरला लावलेला असला की त्याची गुणगुण मुद्रणात शिरते, 50 आणि त्याच्या पटीत: 100, 150, 200 अशी. माझा खर्ज 98. आलेखात खर्जाच्या रेषेला खेटून दुसरी रेषा दिसत होती, आणि ती तार ओसरली तरी ओसरत नव्हती. सरांनी पाहिल्या पाहिल्या चार्जर काढायला सांगितला. रेषा गेली. त्यानंतर सगळं मुद्रण बॅटरीवर.

पृथक्करणाला दोन मोफत सॉफ्टवेअर वापरली. तंबोऱ्याचे उपस्वर पाहायला सॉनिक व्हिज्युअलायझर, जे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालं. आवाजाची पट्टी मोजायला प्राट, जे अॅम्स्टरडॅममध्ये मुळात भाषेच्या उच्चारांचा अभ्यास करण्यासाठी बनवलेलं. दोन्ही शिकायला सोपी आहेत. आकडे काढणं अवघड नाही, कुठला आकडा काढायचा ते अवघड. पूर्ण आलापाची सरासरी काढली तर काहीच हाती लागत नाही. मॅडमनी सांगितलं, फक्त न्यासाचा, म्हणजे जिथे थांबतेस तो, गंधार मोज, आणि त्यावर पोचायला लागलेला वेळही मोज.

हाती जे आलं ते असं. दोरा कुठेही सरकवला तरी शुद्ध गंधार जात नाही. बंद जवारीत तो दबतो, लवकर विझतो. खुल्या जवारीत उशिरा येतो पण ठसठशीत येतो आणि रेंगाळतो. माझ्या कोमल गंधाराची जागा म्हणाल तर ती तिन्ही वेळा फारशी हलली नाही. श्रुतींच्या हिशोबात कोमल गंधाराच्या दोन जागा सांगतात, एक षड्जापासून 294 सेंटवर (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक), दुसरी 316 वर. मी या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात होते, कधी हिच्याकडे झुकून, कधी तिच्याकडे. बदलत होती ती स्थिर व्हायची वेळ. बंद जवारीवर मी मध्यमावरून उतरून गंधारावर चटकन बसत होते. खुल्या जवारीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, लांबत होती, आवाज गंधाराच्या अलीकडे रेंगाळून मग खाली येत होता. जणू तंबोऱ्यातला गंधार आधी ओसरू द्यायचा आणि मग आपला लावायचा. मी हे जाणूनबुजून केलेलं नव्हतं. मुद्रण ऐकताना मात्र मला खुल्या जवारीवरचाच आलाप जास्त आवडला, आणि ज्युनिअरलाही तोच. तिला मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘त्यात गंधाराची वाट बघावी लागते.’ हे वाक्य मी तिच्या परवानगीने प्रबंधात घातलं.

प्रबंधात मी मोठं विधान करायला निघाले होते तेव्हा मॅडमनी लाल शाईत लिहिलं: ‘एका गळ्याचं निरीक्षण एका गळ्यापुरतं.’ तसंच ठेवलं.

आता बंदिश. मालकंसाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, मध्यम; बहुतेक बंदिशींची सम (तालाची पहिली मात्रा) मध्यमावर किंवा षड्जावर. मला गंधारावर सम हवी होती, कारण सगळं काम त्या स्वराचं. मॅडमचा आक्षेप रास्त होता: समेला गंधार ठेवलास तर मालकंसाचा तोल जाईल, मध्यम दुय्यम वाटायला लागेल. बऱ्याच खटपटीनंतर झपतालात वाट सापडली. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन. पहिल्या दोन मात्रा गंधारावर थांबायचं आणि तिसऱ्या मात्रेला, जिथे दुसरी टाळी येते, तिथे मध्यमावर जायचं. सम गंधाराची, पण लगेचची टाळी मध्यमाची. ऐकणाऱ्याला गंधार टोचतो आणि मध्यमावर सुटका होते. मॅडमनी ते स्वतः गाऊन पाहिलं, पुन्हा गायलं, आणि म्हणाल्या, ‘राहतोय मालकंस.’

शब्दांत मात्र एक प्रश्न उरला होता. समेवर माझा शब्द ‘मोरे’ होता. ओकारावर गंधार खरखरत होता, आकारावर कमी. सरांना विचारलं. प्रत्येक स्वरवर्णाला तोंडाचा आकार बदलतो आणि त्याप्रमाणे आवाजातले काही उपस्वर मोठे होतात. ओ आणि ए म्हणताना साधारण 470 च्या आसपासचा भाग उचलला जातो, म्हणजे माझ्या गंधाराचा नेमका तोच उपस्वर जो तंबोऱ्याच्या 490 शी भिडतो. आ म्हणताना त्याच्या वरचे उचलले जातात. सरांनी हेही दाखवलं की आकारात पूर्ण सुटका नाही: माझ्या गंधाराची तिप्पट 705 आणि खर्जाची सातपट 686, तेही शेजारीच. शेवटी निर्णय कानाने घ्यायचा. मी ओ, ए, आ, ई सगळ्यांवर तीच सम गाऊन मॅडमना ऐकवली, त्या माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. त्यांनी आकार निवडला. ‘मोरे’ गेलं, ‘जागत’ आलं. मालकंस मध्यरात्रीचा, त्यामुळे अर्थही नीट बसला. अंतऱ्यात मात्र एके ठिकाणी मी ओकार मुद्दाम ठेवला, तार सप्तकात जायच्या आधी जिथे ताण हवा होता तिथे. जुने वाग्गेयकार (शब्द आणि चाल दोन्ही रचणारे) समेला आकाराची अक्षरं का ठेवत असतील याचा मी आता वेगळा विचार करते. तो पुढे कुणीतरी प्रकल्प म्हणून करावा इतका मोठा विषय आहे.

सादरीकरण सप्रयोग व्याख्यान म्हणून ठेवलं. सुरुवातीला मी काही न बोलता फक्त खर्ज छेडत राहिले आणि गंधार ऐकू येईल त्यांनी हात वर करावा, असं सांगितलं. गाणाऱ्यांचे हात लगेच वर गेले, बाकीचे गोंधळले होते. मग मी अगदी हलक्या आवाजात शुद्ध गंधार एकदा गायला आणि थांबले. सभागृहातले बहुतेक हात वर झाले. एकदा स्वर सुचवला की कानाला तो सापडतो. त्यानंतर त्याच तंबोऱ्यावर मालकंसाचा कोमल गंधार लावला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने ‘अरेच्चा!’ म्हटलं. मला जे वर्षभर सांगायचं होतं ते त्यांना तिथेच कळलं होतं. मग जोडीवर बंदिश गायले. जवळचा तंबोरा गोल जवारीचा, मागचा खुला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘हा शुद्ध गंधार काढून टाकता आला असता तर काढला असतास का?’ याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण ते मी करून पाहिलं होतं. सरांच्या मदतीने तंबोऱ्याच्या मुद्रणातून खर्जाचा पाचवा उपस्वर संगणकावर दाबून टाकला होता आणि त्या तंबोऱ्यावर मालकंस गायले होते. गंधार पटकन लागला. खरखर नाही, मींड लांबत नाही. आणि ऐकताना तो आलाप कुठेही अडत नव्हता, थांबावंसं वाटत नव्हतं. परीक्षकांना मी दोन्ही मुद्रणं ऐकवली आणि सांगितलं की नाही, मी काढणार नाही. मालकंसाच्या गंधाराला जे वजन आहे त्यातला काही भाग तरी तंबोरा त्याला विरोध करतो म्हणून आहे, असं माझं मत झालं आहे. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला: मग पूरियात काय?

पूरियातही पंचम वर्ज्य. पहिली तार निषादात लावली की तिच्या तिप्पटीतून तीव्र मध्यम मिळतो, तो रागातलाच, पण पाचपटीत जे येतं ते कोमल गंधाराच्या जवळचं, आणि पूरियाचा गंधार शुद्ध. म्हणजे मालकंसात जे झालं त्याच्या नेमकं उलट. चाचांकडे पाच तारांचा एक तंबोरा दुरुस्तीला आला आहे, तो तयार झाला की मालक तो मला वापरायला द्यायला कबूल आहेत. घोडीवर पेन्सिलने खुणा करू द्यायलाही.